सेकंद मोजू नका, विचारा

प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलांनी पडद्यावर दिसेल असं पहिलं काही करायचं तर डिजिटल घड्याळ करावं, असं माझं ठाम मत आहे. पायथन शिकणाऱ्यांना त्यासाठी टीकिंटर ही लायब्ररी पुरते. विंडोजवर ती पायथनबरोबरच येते. एक विंडो, तिच्यात मोठ्या अक्षरांचं एक लेबल आणि त्या लेबलात वेळ लिहिणारं एक फंक्शन. वीसेक ओळींत काम होतं.

खरं शिकणं त्या फंक्शनमध्ये आहे. पहिल्यांदा बहुतेकांना सुचतं ते असं: सुरुवातीची वेळ घ्यायची आणि दर सेकंदाला तिच्यात एक मिळवत जायचं. हे घड्याळ हमखास मागे पडतं. संगणकावर त्याच वेळी ब्राउझर, अँटिव्हायरस आणि इतर पन्नास कामं चालू असतात, त्यामुळे आपली पाळी थोडी उशिरा येते. एका फेरीला ५ मिलिसेकंद जादा गेले, तर ८६,४०० फेऱ्यांत, म्हणजे दिवसाच्या हिशेबात, सात मिनिटांहून अधिक फरक पडतो. मध्येच लॅपटॉप मिटला तर विचारायलाच नको.

म्हणून आपण मोजायचं नाही. प्रत्येक वेळी ऑपरेटिंग सिस्टिमला विचारायचं. पायथनला मिळणारं उत्तर म्हणजे १ जानेवारी १९७० पासून उलटलेले सेकंद. ही मोजणी ग्रिनिचच्या मध्यरात्रीपासूनची आहे. भारतात तेव्हा पहाटेचे साडेपाच झाले होते. ही वेळ चुकू नये म्हणून संगणक बंद असतानाही मदरबोर्डवरचा क्वार्ट्‌झचा स्फटिक नाण्याएवढ्या बॅटरीवर सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावत असतो. हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे: पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर १ उरतो, आणि इलेक्ट्रॉनिक्समध्ये निम्मं करणं सगळ्यात सोपं. स्फटिकही तापमानानुसार थोडा चुकतो. ती चूक इंटरनेटवरून दुरुस्त होते, डेव्हिड मिल्स यांनी १९८०च्या दशकात घडवलेल्या एनटीपी या पद्धतीने. एवढी सगळी यंत्रणा हाताशी असताना आपण बोटांवर सेकंद मोजणं हा वेडेपणा आहे.

दुसरी अडचण थांबण्याची. दोन फेऱ्यांच्या मध्ये 'स्लीप' वापरलं की विंडो गोठते. ती हलवता येत नाही, बंदही होत नाही. टीकिंटरचं 'आफ्टर' वापरावं. 'इतक्या मिलिसेकंदांनी हे फंक्शन पुन्हा चालव' एवढंच ते सांगतं आणि विंडोला मोकळं ठेवतं. तिथे १००० लिहिलं तर थोडा थोडा उशीर साचून कधीतरी १२ नंतर एकदम १४ दिसतं. २०० लिहा.

आता मला सर्वांत आवडणारा भाग. इंग्रजी आकड्यांच्या जागी देवनागरी अंक घालायला एकच ओळ लागते, पायथनचं 'ट्रान्सलेट' ते करून देतं. मात्र अनेक देवनागरी फाँटांत सगळ्या अंकांची रुंदी सारखी नसते, म्हणून दर सेकंदाला सगळी ओळ डावी-उजवीकडे डुगडुगते. प्रत्येक अंकाला ठरावीक रुंदीचं स्वतंत्र लेबल दिलं की ती जागेवर बसते. शाळांच्या संगणक कक्षात मुलांकडून हे देवनागरी घड्याळ शिक्षकांनी जरूर करून घ्यावं. दोन तासिका पुरतील.