पावलामागे धावणारा प्रकाश

नर्तकाच्या हालचालीनुसार बदलणारी प्रकाशयोजना तीन टप्प्यांत चालते. सेन्सर हालचाल टिपतो, संगणक तिचा अर्थ लावतो आणि दिव्यांना हुकूम सोडतो. पहिला टप्पा आता स्वस्त झाला आहे. मायक्रोसॉफ्टने २०१० साली व्हिडिओ गेमसाठी आणलेले ‘किनेक्ट’ इन्फ्रारेड ठिपके टाकून माणसाचे अंतर मोजत असे, आणि रंगकर्मींनी ते लगेच उचलले. मात्र या कलेला ‘अगदी नवी’ म्हणणाऱ्या जाहिरातींना मायरन क्रूगर हे नाव ठाऊक नसते.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात १९६९ साली ‘ग्लोफ्लो’ नावाची अंधारी खोली उभी राहिली. क्रूगर तिच्या निर्मात्यांपैकी एक. जमिनीखालच्या सेन्सरवर पाऊल पडले की भिंतींवरच्या नळ्यांतले द्रव उजळत. वातावरण शांत राहावे म्हणून हा प्रतिसाद मुद्दाम उशिरा दिला जाई. परिणाम असा झाला की, उजेड आपल्यामुळे पडतो हे अनेकांच्या ध्यानातच आले नाही. यातून क्रूगर यांनी काढलेला निष्कर्ष आजही पाया मानावा असा आहे: कृती आणि प्रतिसाद यांचे नाते माणसाला जाणवले पाहिजे.

खरी अडचण वेळेची आहे. सेकंदाला ३० चित्रे घेणारा कॅमेरा, संगणकाची आकडेमोड आणि दिव्यांना हुकूम पोहोचवणारी डीएमएक्स केबल यांत मिळून सेकंदाचा दहावा भाग गेला, तर सेकंदाला दोन मीटर वेगाने धावणाऱ्या नर्तकीच्या मागे प्रकाश वीस सेंटिमीटर रेंगाळतो. लावणीतला ढोलकीवाला पाऊल पडण्याची वाट पाहत नाही, ते कुठे पडणार हे आधीच ओळखतो. संगणकालाही तसाच अंदाज बांधायला लावतात. नर्तकी अचानक थबकली की तो चुकतो आणि प्रकाश पुढे निघून जातो.

जागेनेही अडचणी बदलतात. उज्जैनचेच उदाहरण घ्या. तिथे १९५८ पासून कालिदास समारोह भरतो. तिथल्या नाट्यगृहात अशी यंत्रणा बसवणे तुलनेने सोपे. तीच त्याच शहरातल्या फ्रीगंज भागातील उघड्या टावर चौकात मांडली, तर दिवसा उन्हातल्या इन्फ्रारेड किरणांपुढे सेन्सरचे ठिपके फिके पडतील. रात्री गर्दीतली माणसे एकमेकांना झाकतील. गर्दीत कलाकार ओळखण्याचा एक उपाय म्हणजे त्याच्या पोशाखात इन्फ्रारेड एलईडी लावणे. मग यंत्राला नेमके कोणाच्या मागे जायचे ते कळते. पण कोणत्या हालचालीला कोणता रंग द्यायचा आणि केव्हा अंधार करायचा, हे नियम प्रकाशयोजनाकारालाच आधी लिहून ठेवावे लागतात.