साखळीचं दुसरं टोक

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भातली पोरं तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल ओढत गल्लीबोळांतून फिरत असतात. त्याच दिवशी सीमेपलीकडे, मध्य प्रदेशात, जाम नदीच्या दोन काठांवर पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांसमोर उभे ठाकतात. पात्राच्या मधोमध पळसाचं झाड रोवलेलं, त्यावर झेंडा, आणि दोन्ही बाजूंनी दगडांचा वर्षाव. ही गोटमार. शेकडो लोक जखमी होतात. काही वर्षी माणसं दगावलीही आहेत. मध्यंतरी प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. चेंडू पडून राहिले, लोकांनी दगडच उचलले.

कुत्र्यांच्या ‘धोकादायक जातीं’वर बंदी घालण्याची चर्चा सुरू झाली की मला हे चेंडू आठवतात: वस्तू बदलायची, हात तेच ठेवायचे.

१२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने सगळ्या राज्यांना पत्र पाठवलं. पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो, डोगो अर्जेंटिनो, कांगल अशा तेवीस जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवा. ज्यांच्या घरी हे कुत्रे आधीपासून आहेत त्यांनी त्यांची नसबंदी करून घ्यावी. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या प्रश्नावर तीन महिन्यांत निर्णय घ्या असं केंद्राला सांगितलं होतं, त्यामुळे घाई समजण्यासारखी होती. पण यादी बारकाईने वाचली तर गंमत दिसते. ‘तोसा इनू’ हा जपानी कुत्रा तीत एकदा त्या नावाने येतो आणि पुढे ‘जपानी तोसा’ म्हणून पुन्हा येतो. एकच कुत्रा, दोनदा बंदी. शिवाय ‘टेरियर’ असा एकच शब्द टाकून एक अख्खं कूळ आत ओढलेलं, ज्यात मांडीवर मावणारे कुत्रेही बसतात. एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने आणि पाठोपाठ दिल्ली उच्च न्यायालयाने हे पत्र रद्द केलं. ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांचं म्हणणं आधी ऐकायला हवं होतं, हा मुख्य आक्षेप.

न्यायालयाचा मुद्दा कार्यपद्धतीचा होता. विज्ञानाचा मुद्दा वेगळा आहे, आणि तो आपल्या एका शब्दापासून सुरू होतो. इंग्रज ज्याला ब्रीड म्हणतो त्याला आपण ‘जात’ म्हणतो, आणि या शब्दाबरोबर त्याचं सगळं जुनं ओझंही येतं: स्वभाव जन्मानेच ठरतो, रक्तात असतं ते जात नाही. कुत्र्याचं शेपूट वाकडं ते वाकडंच, ही म्हणही त्याच समजुतीची.

पण या म्हणीतलं शेपूटच उलटी साक्ष देतं. १९५९ मध्ये दिमित्री बेल्यायेव या रशियन शास्त्रज्ञाने नोव्होसिबिर्स्क इथे कातड्यासाठी पाळलेल्या कोल्ह्यांवर एक प्रयोग सुरू केला. प्रत्येक पिढीतून माणसाला कमी घाबरणारे, कमी फिस्कारणारे कोल्हे निवडायचे आणि त्यांचीच पैदास करायची. दहा-वीस पिढ्यांत कोल्हे माणसाच्या मागे शेपूट हलवत फिरू लागले, आणि काहींची शेपटी चक्क कुत्र्यासारखी वर वळली. पुढे तिथेच उलटी निवड करून चिडखोर कोल्ह्यांचीही एक ओळ तयार झाली. (ते फार्मवरचे कोल्हे मुळातच थोडे माणसाळलेले होते, ही अलीकडची टीका योग्य आहे. त्याने मूळ मुद्दा मोडत नाही.) म्हणजे स्वभाव काही प्रमाणात रक्तातून येतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तो येतो आईबापांकडून, त्यांच्या आईबापांकडून. दाखल्यावर लिहिलेल्या जातीच्या नावाकडून येतो का, हा प्रश्न वेगळा.

त्याचं आतापर्यंतचं सगळ्यात मोठं उत्तर एप्रिल २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलं. कॅथलीन मॉरिल, एलिनॉर कार्लसन आणि सहकाऱ्यांनी १८,३८५ कुत्र्यांच्या मालकांकडून वागणुकीविषयीच्या प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि २,१५५ कुत्र्यांचा डीएनए वाचला. एका कुत्र्याची वागणूक दुसऱ्यापेक्षा वेगळी का, याचे शंभर वाटे केले तर त्यातले साधारण नऊ वाटे जातीच्या खात्यावर जातात. सांगितलेलं किती ऐकतो, यात जातीचा हात त्यातल्या त्यात जास्त दिसला. किती चटकन बिथरतो, यात जवळजवळ नाहीच. आता प्रश्नावल्या मालकांनी भरलेल्या, आणि आपला बाब्या सगळ्यांनाच गुणी वाटतो, तेव्हा थोडं मीठ-मिरची बाजूला काढू. तरी नऊ म्हणजे नव्वद नव्हेत.

दुसरी अडचण अधिक व्यवहारातली. बंदी घालायची तर समोरचा कुत्रा त्या जातीचा आहे हे ओळखायला हवं. फ्लोरिडातल्या चार निवाऱ्यांमध्ये १२० कुत्रे तिथल्या अनुभवी कर्मचाऱ्यांना दाखवले गेले. त्यांपैकी ६२ कुत्र्यांवर कुणा ना कुणा कर्मचाऱ्याने पिटबुलचा शिक्का मारला. डीएनए तपासला तेव्हा पिटबुल कुळाचा अंश फक्त २५ कुत्र्यांत निघाला. रोज कुत्र्यांत वावरणाऱ्यांची ही गत. मग आपल्याकडे नगरपालिकेच्या ज्या कर्मचाऱ्याकडे सकाळी घरपट्टी, दुपारी डासांची फवारणी आणि संध्याकाळी मोकाट गुरं, त्याने दारात उभं राहून काय ओळखावं?

म्हणून पिटबुल बकरीसारखा निरुपद्रवी आहे असं मात्र कुणी म्हणू नये. इंग्लंडात बैलावर कुत्रे सोडण्याच्या खेळावर १८३५ मध्ये कायद्याने बंदी आली, तेव्हा शौकीन मंडळींनी खड्ड्यात कुत्रेच एकमेकांवर सोडायला सुरुवात केली. जखमी झाला तरी मागे न हटणारा कुत्रा हवा, म्हणून बुलडॉगची ताकद आणि टेरियरची चपळाई एकत्र केली गेली. त्याचा जबडा ‘लॉक’ होतो ही दंतकथा आहे, तसा कुठलाही सांधा त्याच्यात नाही. पण तीस किलोचा, पीळदार मानेचा आणि धरलेलं न सोडण्यासाठी निवडलेला कुत्रा चावला तर जखम खोलच होणार. किती कुत्रे चावतात आणि चावल्यावर किती नुकसान होतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बंदीच्या बाजूचे लोक दुसरीबद्दल बोलत असतात तेव्हा ते चुकत नाहीत. ताकदवान कुत्रा पाळणाऱ्यावर जास्त जबाबदारी येते, एवढं त्यातून नक्की निघतं.

ही जबाबदारी कुठे सुटते? अमेरिकेत २००० ते २००९ या दहा वर्षांत कुत्र्यांच्या हल्ल्यात २५६ माणसं मेली. गॅरी पॅट्रोनेक आणि सहकाऱ्यांनी त्या प्रत्येक मृत्यूची पोलिसी कागदपत्रं उकरली. ८७ टक्के घटनांत मध्ये पडू शकेल असं धडधाकट माणूस जवळ नव्हतं. ८४ टक्के घटनांत कुत्र्याची नसबंदी झालेली नव्हती. ७७ टक्क्यांत बळी पडलेली व्यक्ती लहान मूल, म्हातारं माणूस किंवा स्वतःला सांभाळू न शकणारी होती. ७६ टक्क्यांत कुत्रा घरच्यांच्या सहवासाबाहेर, साखळीला, कुंपणात किंवा मागच्या अंगणात एकटा वाढलेला होता. आणि कुत्र्याची जात? ती खात्रीने सांगता आली जेमतेम १८ टक्क्यांत.

आता आपल्याकडच्या घटना याशेजारी ठेवून बघा. जुलै २०२२, लखनौ: ८२ वर्षांची आई घरात कुत्र्यांसोबत एकटी, मुलगा बाहेर गेलेला, पिटबुलच्या हल्ल्यात तिचा मृत्यू. ऑगस्ट २०२४, गोव्यात हणजूण: तशाच हल्ल्यात सात वर्षांचा मुलगा गेला. त्यानंतर गोवा सरकारने पिटबुल, रॉटवायलरसारख्या जातींवर बंदीचा निर्णय घेतला. जुलै २०२५, मुंबईतलं मानखुर्द: उभ्या रिक्षात बसलेल्या अकरा वर्षांच्या पोराला पिटबुल चावला, आणि मालक शेजारीच हसत बसल्याची चित्रफीत देशभर फिरली. पहिल्या दोन घटनांवर जातीची बंदी हे उत्तर म्हणता येईल, निदान वाद घालता येईल. तिसरीत, रिक्षात कुत्र्याशेजारी बसलेल्या माणसाचं काय करायचं, यावर तेवीस जातींच्या यादीत एक ओळ नाही. उद्या त्याला डॉबरमन मिळेल.

कुत्रा घडतो तो फार लवकर. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून १९६५ मध्ये ग्रंथ लिहिला. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्यापर्यंत पिल्लाच्या मेंदूची दारं उघडी असतात, हा त्यांचा निष्कर्ष आजही टिकून आहे. त्या काळात जी माणसं, जे आवाज, जे वास भेटतात ते आपले. पुढे भेटणारं सगळं परकं. चौदा आठवडे माणूस न पाहिलेली पिल्लं नंतर रानटी जनावरासारखी वागली. भावंडांशी मस्ती करताना दात किती रुतवायचे हेही पिल्लू याच काळात शिकतं: जोरात चावलं की समोरचं केकाटतं आणि खेळ मोडतं. म्हणूनच २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. बाजारात काय चालतं ते खोक्यातून पिल्लू आणलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

मग येतो मालकाचा हात. ‘कुत्र्याला धाकात ठेवलं पाहिजे’ हे वाक्य आपल्याकडे फार ऐकू येतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २००९ मध्ये मालकांनाच विचारलं, तुम्ही काय केल्यावर कुत्रा अंगावर आला? मारल्या-लाथाडल्यावर ४३ टक्के कुत्रे उलटले होते. उताणं पाडून दाबून धरल्यावर ३१ टक्के.

इथे आणखी एक म्हण तपासून घेऊ: भुंकणारं कुत्रं चावत नाही. खरं तर गुरगुरणं ही कुत्र्याची सभ्य भाषा आहे. त्याआधी तो जांभई देतो, ओठ चाटतो, तोंड फिरवतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असा तिरका बघतो, मग अंग ताठ करतो. कुणी ऐकलं नाही की गुरगुरतो, आणि त्यानंतर दात. गुरगुरला म्हणून चापट मारली की कुत्रा चावायचं विसरत नाही, सांगायचं विसरतो. पुढच्या वेळी ‘अचानक’ चावतो. लहान मुलांना तर दात विचकलेला कुत्रा हसतोय असं वाटतं, हे प्रयोगांतून दिसलं आहे. त्यामुळे मूल आणि कुत्रा, कितीही लाडका असो, मोठ्या माणसाच्या नजरेआड ठेवू नयेत.

गोटमार होते त्या सावरगाव-सौंसरच्या संत्र्या-कपाशीच्या पट्ट्यात हा विषय पिटबुलचा नाही. इथल्या गावांत कुत्रा राखणीसाठी ठेवतात. दिवसभर बांधायचा, म्हणजे रात्री ‘तिखट’ राहतो, असा समज. डेन्व्हर शहरात १९९१ च्या चावऱ्या कुत्र्यांचा अभ्यास झाला तेव्हा अंगणात साखळीला बांधलेले कुत्रे चावण्याची शक्यता जवळपास तिप्पट निघाली. नर आणि नसबंदी न झालेले कुत्रेही पुढेच. डेन्व्हरने पिटबुलवर १९८९ मध्येच बंदी घातली होती. तरीही बाकीचे कुत्रे चावत होतेच, आणि त्यांत जर्मन शेफर्डसारख्या काही जाती जास्त होत्या, हेही सांगायला हवं. २०२० मध्ये तिथल्या मतदारांनी ती बंदी उठवली. नेदरलँड्सने पंधरा वर्षांच्या अनुभवानंतर २००८ मध्ये आपली बंदी मागे घेतली होती. ब्रिटनने मात्र १९९१ चा कायदा कायम ठेवून त्यात अलीकडे एक्सएल बुली या कुत्र्याची भर घातली.

शिवाय गावातला कुत्रा बऱ्याचदा कुणाचाच नसतो आणि सगळ्यांचा असतो. तीन घरची भाकरी खातो, चौथ्याच्या ओसरीवर झोपतो, आणि चावला की चारही घरं हात वर करतात. २०२४ मध्ये देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून अधिक नोंदी झाल्या. त्यांतले बहुतेक चावे रस्त्यावरच्या आणि दारच्या अशाच कुत्र्यांचे. सावरगावापासून शंभरेक किलोमीटरवर, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२२ मध्ये म्हटलं होतं, भटक्या कुत्र्यांना खायला घालायचं असेल त्यांनी ते रीतसर दत्तक घ्यावेत. महिनाभरातच सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. आदेश टोकाचा होता हे खरं. पण भाकरी टाकणारा हा मालक की नाही, हा त्यातला प्रश्न तसाच राहिला आहे, आणि ज्या गावात रेबीजची लस तालुक्याला जाऊन घ्यावी लागते तिथे तो पिटबुलपेक्षा मोठा आहे. चावा कुणाचाही असो, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. हळद, चुना, मिरची काहीही लावू नका.

ज्याचा मालक ठाऊक आहे अशा कुत्र्यासाठी कायदा आधीपासून आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१: जवळच्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची पुरेशी काळजी न घेणं हा गुन्हा. तो लागू करायला जात ओळखावी लागत नाही, डीएनए लागत नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. जुन्या दंडसंहितेत हा दंड हजार रुपये होता, आता तो जास्तीत जास्त पाच हजार आहे. पिटबुलचं पिल्लू त्याहून महाग मिळतं.