समानांची सोबत

शिकविणाऱ्यास शिकवावे कोणी? विभागप्रमुखाची खुर्ची मिळेपर्यंत हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तोवर चुकल्यास कान धरणारे गुरुजन होते आणि अडल्यास धीर देणारे सहकारी होते. पद आले आणि दोघेही दुरावले. अडचण वरिष्ठांपुढे मांडली तर ती अकार्यक्षमता ठरते. कनिष्ठांपुढे मांडली तर तिची कुजबुज होते. 2019 मध्ये एमबीबीएसला क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला, नोंदवह्यांचे ओझे वाढले, तेव्हा हे एकटेपण फारच जाणवले.

कोविडची लाट ओसरल्यावर, 2022 मध्ये, इंदूरमधील निरनिराळ्या महाविद्यालयांतले आम्ही सहा विभागप्रमुख महिन्यातून एका रविवारी सकाळी पोह्यांच्या निमित्ताने जमू लागलो. कल्पना नवी नव्हती. हंगेरीत जन्मलेले मनोविश्लेषक मायकेल बालिंट यांनी 1950 च्या दशकात लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये जनरल प्रॅक्टिशनरांचे असेच गट चालविले होते. एकाने आपल्याला अस्वस्थ करणारा रुग्ण मांडावा आणि सर्वांनी मिळून डॉक्टर-रुग्ण नात्याचा शोध घ्यावा, अशी ती पद्धत. आम्ही रुग्णाच्या जागी आपापला विभाग ठेवला. नियम तीनच: एका महाविद्यालयातील दोघे नकोत, बोललेले बाहेर जाता कामा नये आणि सल्ल्याआधी प्रश्न.

एका रविवारी माझी पाळी होती. ही हकीगत माझीच असल्याने सांगतो. माझ्या विभागातील एका तरुण अध्यापकाने राजीनामा दिला होता. तो नोंदवह्या वेळेवर तपासत नाही, बैठकीत गप्प बसतो, असा तक्रारींचा पाढा मी वाचला. मला माना डोलावणारे हवे होते. दंतवैद्यक शाखेतील एका भगिनीने शांतपणे विचारले, "सर, त्याचा तास तुम्ही शेवटचा कधी ऐकलात?"

दोन वर्षांत एकदाही ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसलो. हृदयाचे आवाज तो इतक्या तन्मयतेने शिकवीत होता की, मी घड्याळ पाहण्याचे विसरलो. नंतर चहा घेताना कळले की तिघांच्या नोंदवह्या मीच त्याच्याकडे सोपविल्या होत्या, आणि एकदा विद्यार्थ्यांदेखत त्याला खडसावलेही होते. मी क्षमा मागितली. त्याने ती मोठ्या मनाने केली. राजीनामा मात्र मागे घेतला नाही. उशीर झाला होता.

तेव्हापासून दर महिन्याला मी एका सहकाऱ्याचा तास ऐकतो. वरिष्ठाने हे सुचविले असते तर मी खुलासा लिहून दिला असता. कनिष्ठाने सुचविण्याचे धाडसच केले नसते. बरोबरीच्या माणसाचा प्रश्न मात्र थेट आत उतरला.

आपल्या मंडळात विभागप्रमुख आहेत, प्राचार्य आहेत, मुख्याध्यापक असलेली आप्तमंडळीही आहेत. नव्या औषधांवरील व्याख्यानांसाठी आपण आवर्जून जमतो. तसेच पाच-सहा जणांनी एकमेकांसाठीही जमावे, एवढीच विनंती. एखादा चांगला शिक्षक त्यामुळे आपल्या हातून निसटायचा वाचेल.