‘नो पेट्स’ होमस्टे आणि पाहुण्याचा गाईड डॉग : नकार देण्याआधी हे वाचा



समजा, तारकर्लीला तुमचा दोन खोल्यांचा होमस्टे आहे. लिस्टिंगवर स्पष्ट लिहिलंय, ‘पाळीव प्राणी चालणार नाहीत’. एक दिवस मेसेज येतो, “मला दिसत नाही. माझा गाईड डॉग सोबत असेल.” तुम्ही काय उत्तर द्याल?

बरेच जण पटकन लिहितात, “सॉरी, नो पेट्स.” चूक इथेच होते. गाईड डॉग हा हौसेने पाळलेला कुत्रा नाही. अंध माणसासाठी तो पांढऱ्या काठीसारखा आधार आहे. काठी दाराबाहेर ठेवा, असं आपण म्हणतो का?

नियम काय सांगतात?

एअरबीएनबीसारख्या प्लॅटफॉर्मवर प्रशिक्षित सहाय्यक प्राणी ‘पेट’ धरला जात नाही. ‘नो पेट्स’ म्हणून त्याला नाकारता येत नाही, पेट फीही लावता येत नाही. पाहुण्याने बुकिंगआधी सांगितलंच पाहिजे, अशी सक्तीही नाही. आपल्याकडचा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 सुद्धा दिव्यांगत्वाच्या कारणावरून भेदभाव करायला मनाई करतो.

मग विचारायचं काय?

गरज स्पष्ट दिसत नसेल, तर फक्त दोन प्रश्न:

1. हा प्राणी दिव्यांगत्वामुळे लागतो का?
2. त्याला कोणत्या कामाचं प्रशिक्षण दिलंय?

हे दोन प्रश्न मूळचे अमेरिकेतल्या 1990 च्या दिव्यांगविषयक कायद्याच्या नियमांतले. आजार कोणता, सर्टिफिकेट दाखवा, असं विचारायचं नाही. वरच्या मेसेजमध्ये तर पाहुण्याने सगळं आधीच सांगितलंय. तिथे हे दोन प्रश्नही नकोत.

‘इमोशनल सपोर्ट’ म्हणाले तर?

नुसत्या सोबतीने धीर देणारा, विशिष्ट कामाचं प्रशिक्षण नसलेला प्राणी वेगळा. स्थानिक कायदा वेगळं सांगत नसेल, तर एअरबीएनबीवर त्याला तुमचा पेट्सचा नियम लागू होतो. नकार द्यायचाच असेल, तर नम्रपणे द्या.

तुमचे हक्क कुठे?

घाबरू नका, घर तुमचंच आहे. प्राणी मालकाच्या ताब्यात असावा, त्याने घाण करू नये, त्याला घरात एकटं सोडायचं तर आधी विचारावं, हे तुम्ही सांगू शकता. खरंच नुकसान झालं, तर इतर पाहुण्यांप्रमाणेच भरपाई मागा. तुम्ही त्याच घरात राहता आणि घरात कुणाला कुत्र्याची गंभीर ॲलर्जी आहे? मग परस्पर नकार न देता आधी प्लॅटफॉर्मला कळवा.

हे उत्तर सेव्ह करून ठेवा

“नमस्कार! तुमचं आणि तुमच्या गाईड डॉगचं स्वागत आहे. वेगळा चार्ज नाही. अंगणात आमची मांजर असते, म्हणून आधी सांगतोय. पाण्याचं भांडं ठेवू का? पायऱ्या किती आहेत, तेही कळवतो.”

बघा, यात ना वाद, ना उपकाराची भाषा. असा पाहुणा बऱ्याच ठिकाणी नकार ऐकून तुमच्यापर्यंत आलेला असू शकतो. तुमच्या दोन ओळींवर त्याची सुट्टी ठरते आणि तुमचं नावही.

आज एवढंच करा. घरकाम बघणाऱ्या ताई आणि फोन घेणारे दादा, दोघांनाही हा फरक समजावून सांगा. कारण दारात पहिलं ‘नाही’ बहुतेक वेळा मालक म्हणत नाही, त्याची माणसं म्हणतात.