खडी गंमत : मंडईच्या मांडवातली सत्तर वर्षे

तुमसरहून सिहोऱ्यामार्गे निघालेला रस्ता बपेऱ्याला पोहोचतो आणि पुढे बावनथडी नदी ओलांडून मध्य प्रदेशच्या बालाघाट जिल्ह्यात शिरतो. भाऊबीज आटोपली की या रस्त्याच्या आजूबाजूच्या गावांत मंडईचे, म्हणजे गावजत्रेचे, दिवस लागतात. आज या गावची, उद्या त्या गावची, असा क्रम आपसात ठरलेला. लग्न होऊन गेलेल्या लेकी, जावई, सोयरे त्या हिशोबाने येतात. हलके धान घरात आलेले, भारी धान अजून बांधीत उभे, अशा मधल्या सवडीत हा सण बसवलेला आहे. दिवसा गोवारी समाजाची ढाल, डफड्यांचा ठेका, शिंगाड्यांचे नि उसाचे ढीग, पाळणे. रात्री खडी गंमत. पूर्व विदर्भाच्या खेड्यांनी आपले म्हणून जपलेले गाणे याच मांडवात वाढले आणि याच मांडवाकडे बोट दाखवून त्याला नावेही ठेवली गेली.

गमतीला पडदा नाही, नेपथ्य नाही. रंगपट म्हणजे कुणाची तरी ओसरी. चौकातली मोकळी जागा, चारी बाजूंनी माणसे आणि मध्ये उभा फड. शाहिराच्या हाती डफ, मागे तुणतुणे, ढोलकी, चोनके, टाळ. पुढे पेटी आली, बेंजो आला. झीलकरी ध्रुपद उचलून धरतात. लुगडे नेसलेला नाच्या आणि हसवणारा सोंगाड्या यांच्यावर रात्रीचा अर्धा भार. गण, गौळण, लावणी, सवाल-जवाब, झगडा, आणि पहाटेकडे झुकताना एखादा प्रसंग. मोठ्या मंडईत 'दुय्यम' ठेवतात, म्हणजे दोन शाहीर समोरासमोर. एक कलगीचा, दुसरा तुऱ्याचा. एकाने शक्ती थोर म्हणायची, दुसऱ्याने शिव. पुराणातला कूट सवाल टाकायचा आणि समोरच्याने जागच्या जागी उत्तर बांधून गायचे. उत्तर अडले तर त्याची चर्चा गावात पुढे कितीतरी दिवस चालते. शाळेचे तोंड फारसे न पाहिलेली माणसे हरिविजय, पांडवप्रतापातले दुवे तोंडपाठ ठेवून रात्रभर एकमेकांची कोंडी करत. ही केवढी मोठी विद्या होती! मराठी साहित्याच्या इतिहासात तिला जेवढी पाने मिळायला हवी होती तेवढी मिळाली नाहीत, असे मी पूर्ण विचाराअंती म्हणतो.

या भागाचे गाणे समजून घ्यायचे तर १ नोव्हेंबर १९५६ ही तारीख लक्षात ठेवावी लागते. तोवर भंडारा आणि बालाघाट एकाच राज्यात होते. राज्यपुनर्रचनेत भंडारा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्रात गेला. बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. नदी सरहद्द झाली. सोयरिकी मात्र तशाच चालू राहिल्या, आणि सोयरिकीबरोबर गाणेही. बपेरा-सिहोरा भागात कितीतरी घरांत पोवारी बोलतात, बाजारात हिंदी चालते, शाळा मराठीत भरते. गमतीच्या मांडवात या तिन्ही बोली गुण्यागोविंदाने नांदल्या. शाहिराचे गाणे मराठीत असले तरी सोंगाड्या ज्या बोलीत हशा पिकेल ती उचलतो. नव्या राज्यात 'महाराष्ट्राची लोककला' म्हणून जे काही मांडले गेले, ते बहुतांशी पुणे-सातारा-सांगलीकडचे होते. तिथला ढोलकीफडाचा तमाशा पुस्तकांत गेला, सिनेमात गेला. भंडाऱ्याची गंमत त्याच कुळातली, पण तिची बोली मिसळीची, तिच्यात स्त्रीभूमिका पुरुषच करणार. त्यामुळे ती 'खरा तमाशा' ठरली नाही आणि 'शुद्ध मराठी' तर नाहीच नाही. तिच्या नावडीचे पहिले मूळ इथे आहे.

गावाला मात्र ती का आवडली? माझ्या मते मुख्य कारण हे की गंमत माणसाला नावाने ओळखते. कुणी बक्षीस दिले की नाच्या गाणे थांबवून देणाऱ्याचे नाव, गाव, कधी बापाचेही नाव पुकारतो आणि त्याच्या नावाने एक कडवे गातो. ज्या मजुराचे नाव ग्रामपंचायतीच्या कुठल्या फळ्यावर कधी लागले नाही, त्याचे नाव त्या रात्री हजार माणसांसमोर ढोलकीच्या थापेवर गाजते. शिवाय झगड्यात सासू-सून असतात, सावकार असतो, आळशी नवरा असतो, पाण्यावरून धुऱ्यावर होणारी भांडणे असतात. सोंगाड्याला पाटलाला बोलण्याची मुभा असते, आणि पाटील समोर खुर्चीवर बसून ते ऐकून घेतो. दुसऱ्या कुठल्याही दिवशी ते शब्द त्याच माणसाच्या तोंडून निघाले असते तर परिणाम वेगळा झाला असता.

गाण्याची ओढ काही मंडईतच सुरू होत नव्हती. आषाढात रोवणीला वाकलेल्या बायका बांधीत गात, पोळ्याला झडत्या होत, भादव्यानंतर भुलाबाई बसे. दंडार या लोकनाट्याच्या तालमी दिवाळीआधीच सुरू होत. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी दंडार, पूर्व विदर्भाची झाडीबोली आणि इथल्या लोकरंगभूमीचा आयुष्यभर अभ्यास केला म्हणून यातले बरेचसे कागदावर आले. ते काम झाले नसते तर आज आपण आठवणींवरच बोलत राहिलो असतो.

आता नावडीविषयी. ती एका बाजूने आली नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (१९०९–१९६८) खंजिरी भजनांनी विदर्भाची खेडी ढवळून काढली. गुरुदेव सेवा मंडळांनी गावोगाव सामुदायिक प्रार्थना सुरू केली, दारूबंदीचे आणि सफाईचे काम केले. भजनाची गोडी लागलेल्या घरांना गमतीतल्या द्विअर्थी ओळी खटकू लागल्या आणि मांडवाच्या मागे चालणारी दारू तर नकोच होती. ही तक्रार खोटी नव्हती. नाच्याकडे पाहून होणारे चाळे, बक्षिसाच्या नावाखाली होणारी अंगलट, हे सारे होते, आणि त्याचा त्रास भोगणारा तो कलावंतही होता. दुसरीकडे १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर विदर्भातल्या बौद्ध वस्त्यांत भीमगीतांचे जलसे उभे राहिले. करमणुकीसाठी इतरांसमोर नाचायचे नाही, हा त्यामागचा स्वाभिमान होता. वाद्ये बरीचशी तीच राहिली, गाण्यातला माणूस ताठ उभा राहिला. या दोन्ही चळवळींनी गमतीचे काही श्रोते आणि काही कलावंत नेले, आणि त्या बदल्यात गावाला काही मोलाचे दिलेही. या नावडीबद्दल मला आदर आहे.

तिसरी नावड वेगळी. मॅट्रिक होऊन तुमसर, भंडारा, नागपूरला नोकरीला लागलेल्या पिढीला गंमत आवडेनाशी झाली ती चालीमुळे किंवा शब्दांमुळे म्हणता येत नाही, कारण याच मंडळींनी सिनेमातल्या लावण्या रेडिओवर आवडीने ऐकल्या. गंमत म्हणजे आपण मागे टाकून आलेले खेडे, अंगठा लावणारा बाप, चिखलाचे पाय, हे त्यांच्या मनात घट्ट बसले होते. पाहुणे आले की 'आमच्याकडे असले नसते' म्हणायचे आणि मंडईला गावी गेले की रात्री शाल पांघरून मांडवाच्या कडेला उभे राहायचे, असे करणारे कितीतरी लोक या पट्ट्यात होते.

अशी नावड आपल्याच वाट्याला आली असे नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या डोंगरी भागातले शेतकरी-मजुरांचे गाणे आज 'कंट्री' म्हणून जगभर विकले जाते. १९२७ च्या उन्हाळ्यात रेकॉर्ड कंपनीच्या राल्फ पीअर यांनी टेनेसीतल्या ब्रिस्टल गावी मुक्काम ठोकून कार्टर फॅमिली आणि जिमी रॉजर्स यांचे आवाज मुद्रित केले. त्या काळात या गाण्याला 'हिलबिली' म्हणत, म्हणजे डोंगरातले अडाणी. बिलबोर्ड साप्ताहिकाने १९४९ मध्ये आपल्या यादीला 'कंट्री अँड वेस्टर्न' हे नाव दिले तेव्हा कुठे ते शहरी दुकानात मानाने बसले. पण त्या मानातही गाळणी होती. बँजो हे वाद्य आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वाद्यांतून घडले. तरी पुढे कंट्री हे गोऱ्यांचेच गाणे मानले गेले. 'ग्रँड ओल ऑप्री' या रेडिओ कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या लोकप्रिय वादकांत डीफोर्ड बेली हे कृष्णवर्णीय हार्मोनिकावादक होते आणि १९४१ मध्ये त्यांना तिथून जावे लागले. तिथे आजही कंट्रीची आवड-नावड विचारली की उत्तरात गाण्याइतकाच गाणाऱ्याचा वर्ग आणि वर्ण बोलतो. आपल्याकडे वर्णाच्या जागी जात आणि जमीन ठेवा.

इतक्या लांबही जायला नको. बालाघाटच्या पलीकडे छत्तीसगढचा 'नाचा' आहे. गमतीचा सख्खा भाऊच. तिथेही स्त्रीवेशातले पुरुष, तिथेही विदूषक, तिथेही रात्रभर उघड्यावर. नाचाचे कलावंत दाऊ मंदराजी यांनी तो सावरला, आणि हबीब तन्वीर यांनी खेड्यातले तेच कलावंत आपल्या 'नया थिएटर'मध्ये घेऊन १९७५ मध्ये 'चरणदास चोर' उभे केले. १९८२ मध्ये एडिनबर्गच्या महोत्सवात त्या नाटकाला पुरस्कार मिळाला. कलावंत तेच, बोली तीच. त्यांच्यावर विश्वास टाकणारा एक मोठा दिग्दर्शक मिळाला, एवढाच फरक. भंडारा-गोंदियाच्या शाहिरांना तो मिळाला नाही, याची मला खंत वाटते.

आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले आणि वैदर्भी लोकसंगीताला पहिल्यांदा यंत्राचा कान मिळाला. पण ठरावीक मिनिटांत गौळण बसते, दुय्यम बसत नाही. कॅसेटच्या काळातही तसेच झाले. शाहिरांनी सिनेमाच्या चालींवर शब्द बांधायला सुरुवात केली, तरुण खूश झाले, जुने जाणते नाराज. माझा कल जुन्यांकडे आहे, कारण चाल उसनी घेतली की जागच्या जागी उत्तर बांधण्याची कसरत संपते.

सर्वांत मोठा बदल मात्र पाण्याने घडवला असे मी मानतो. चांदपूर जलाशय आणि नंतर बावनथडी प्रकल्प यांच्यामुळे ज्या शिवारांना पाणी मिळाले तिथे उन्हाळी धान आले. दिवाळी ते होळी ही जी मोकळी रात्र होती, तिच्यात पुन्हा परे टाकणे, पुन्हा रोवणी. तालमीला माणूस मिळेना. हार्वेस्टर आला तसा मजूर कामासाठी नागपूर-पुण्याकडे वळला. दक्षिणेकडे झाडीपट्टीच्या नाटकांनी याच काळात व्यवसाय बांधला. देसाईगंज-वडसा हे त्यांचे केंद्र. तिकीट, मंच, ध्वनी, सगळे एका हाताखाली. त्या रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा या साऱ्या भागाची मान उंचावली. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, निमित्ताने रात्रीची नाटके रंगत. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये शर्यती थांबवल्या आणि डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला परवानगी मिळाली, त्या मधल्या वर्षांत पटाच्या गावांतले कार्यक्रमही ओसरले. मंडई चालू राहिली, पण तिच्या मांडवात कुठे डीजे आला, कुठे 'डान्स हंगामा'. त्यात मुलींना जे करायला लावले जाते ते पाहून जुने टीकाकारही म्हणू लागले की याहून आपली गंमत शंभर पटींनी बरी होती. पोलिसांत गेलेली प्रकरणे वर्तमानपत्रांत आली, आणि काही गावांनी पुन्हा शाहिरांना सुपारी दिली.

कोरोनाच्या २०२० च्या दिवाळीनंतर मंडया भरल्या नाहीत. शाहिरांचे हातावरचे पोट. तेव्हापासून मोबाइलवर गमतीच्या चित्रफिती वाढल्या. आता तर पुण्यात कारखान्यात रात्रपाळी करणारा पोरगाही आपल्या तालुक्यातला दुय्यम तिथे बसून पाहतो. त्याच्या आजोबांची जी आवड बापाने लपवली, ती त्याला लपवावीशी वाटत नाही. गेल्या सत्तर वर्षांतली सर्वांत आनंदाची गोष्ट मला हीच वाटते.

राज्य शासनाने ज्येष्ठ कलावंतांचे मानधन २०२४ पासून सरसकट महिना ५,००० रुपये केले, हे चांगले झाले. पण शाहिरांची बाडे, म्हणजे हाताने लिहिलेल्या त्या वह्या, अजून घराघरांत पेटीत पडून आहेत, वाळवी लागते आहे. त्यांतले कूट सवाल कुणी कुणाला घातले, कोणत्या मंडईत कोण अडले, हे सांगणारे शाहीर आता सत्तरी-ऐंशीत आहेत. नागपूरच्या विद्यापीठाने, आकाशवाणीने किंवा भंडाऱ्यातल्या एखाद्या महाविद्यालयाने येत्या मंडईच्या हंगामात ध्वनिमुद्रक घेऊन तुमसर-सिहोरा-बपेरा या एकाच रस्त्यापासून सुरुवात करावी, आणि दुय्यम पहिल्या गणापासून पहाटेपर्यंत, न कापता, मुद्रित करावा.