पिस्तुलाचे चामडी म्यान आणि चर्मकाराची हत्यारे

उत्तरेस सातपुड्याची रांग आणि दक्षिणेस तापीचे पात्र यांच्यामधील काळ्या जमिनीच्या पट्ट्यात चोपडा तालुका वसलेला आहे. कापूस व केळी ही येथील मुख्य पिके. विजेचे पंप येण्यापूर्वी या भागातील विहिरींचे पाणी बैलांच्या मोटेने उपसले जाई आणि ती मोट चामड्याची असे. भरलेल्या मोटेचे ओझे दिवसभरात कितीतरी वेळा तिच्या शिवणीवर येत असे. शिवण उसवली की पाणी विहिरीतच परत जाई आणि बैलांची फेरी फुकट जाई. त्यामुळे मोट शिवणाऱ्या कारागिराच्या हाताची पारख शेतकरी फार काटेकोरपणे करीत असे. पुढे पत्र्याची मोट आली, तिच्यामागून तेलावरील इंजिन व विजेचा पंप आला, आणि खानदेशातील गावोगावच्या ढोर व चर्मकार कुटुंबांचे एक बारमाही काम थोड्या वर्षांत नाहीसे झाले. राहिली ती पादत्राणांची दुरुस्ती. तीही कारखान्यात ओतून तयार होणाऱ्या स्वस्त चपलांनी बरीच कमी केली.

ओझे पेलणारी शिवण घालण्याचे हे कसब आज कोठे उपयोगी पडेल, हा प्रश्न म्हणून विचारण्याजोगा आहे. त्याचे एक उत्तर पोलीस अधिकाऱ्याच्या कमरेला दिसते. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर बाळगण्याचे चामडी म्यान, ज्याला सर्वत्र होल्स्टर म्हणतात, ही वस्तू आकाराने लहान असली तरी तिच्यात चर्मकामातील जवळजवळ प्रत्येक कृती येते. विशेष म्हणजे ती करण्यास लागणारी बहुतेक हत्यारे गावच्या चर्मकाराच्या पेटीत पूर्वीपासून आहेत.

खोगिरावरून कमरेवर

लष्कर, पोलीस आणि चामडे यांचे नाते खानदेशास नवे नाही. जेम्स औट्रम याने १८२५ साली तापीच्या दक्षिणेस धरणगाव येथे खानदेश भिल्ल पलटण उभी केली. १८९१ मध्ये ती पोलीस दलात विलीन झाली. त्या काळच्या कोणत्याही बंदूकधारी शिपायास खांद्यावरचा पट्टा, काडतुसांची पेटी, संगिनीचे म्यान या वस्तू चामड्याच्याच लागत. दारू कोरडी राहणे चामड्याच्या चांगुलपणावर अवलंबून असे.

पिस्तूल मात्र तेव्हा कमरेला लावण्याची वस्तू नव्हती. घोडेस्वाराची पिस्तुले लांब व जड असत आणि एका वेळी एकच बार निघत असल्याने ती जोडीने ठेवावी लागत. त्यांची म्याने खोगिराच्या पुढील बाजूस दोन्हीकडे लटकत. सॅम्युएल कोल्ट याने १८३६ मध्ये फिरत्या नळकांड्याच्या रिव्हॉल्व्हरचे अमेरिकेतील एकस्व घेतले. त्यानंतर एकाच शस्त्रात अनेक बार मावू लागले आणि पुढील काही दशकांत म्यान खोगिरावरून उतरून कमरेच्या पट्ट्यावर आले. पट्ट्याच्या इतिहासातही हिंदुस्थानचा एक भाग आहे. १८५८ च्या लढाईत डावा हात गमावलेल्या सॅम ब्राऊन या घोडदळाच्या अधिकाऱ्यास तलवारीचे म्यान सावरता येईना. म्हणून त्याने कमरपट्ट्यास खांद्यावरून तिरपा जाणारा दुसरा पट्टा जोडला. पोलीस अधिकाऱ्यांच्या गणवेषात आजही दिसणारा ‘सॅम ब्राऊन बेल्ट’ तो हाच. एका अपंग माणसाची सोय पुढे जगभर रुबाबाची खूण ठरली.

चामड्याची निवड

म्यानासाठी कोणतेही चामडे चालत नाही. कातडे कमावण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. क्रोम क्षारांनी कमावलेले चामडे मऊ व लवचिक असते. बुटांच्या वरच्या भागास ते उत्तम, पण दिलेला आकार ते धरून ठेवीत नाही. झाडांच्या सालींनी व फळांनी कमावलेले चामडे घट्ट असते. ते भिजवून दाबले की घेतलेला आकार सुकल्यावर कायम ठेवते. म्यानास हेच लागते. बाभळीची साल, हिरडा आणि तरवड ही आपल्याकडील परिचित कमावणीची द्रव्ये होत. चुन्याच्या पाण्यात केस सोडवून घेतलेल्या कातड्याची पिशवी शिवावयाची, ती उंच टांगावयाची व तिच्यात सालीचा अर्क भरून तो हळूहळू झिरपू द्यावयाचा, ही आपल्या देशातील खेडोपाडी चालत आलेली जुनी रीत. तिला वेळ फार लागतो आणि दुर्गंधीही सोसावी लागते. जातीच्या उतरंडीत या कामाला जी अवहेलना मिळाली, तिचे हे एक निमित्त झाले. वास्तविक गावाचा पाणीपुरवठा ज्या चामड्यावर चालत होता, त्याच्या कारागिरास गावाने वेशीबाहेर ठेवावे, हा विरोधाभास आज तरी स्पष्टपणे सांगितला पाहिजे.

एकाच कातड्याचे सर्व भाग सारखे नसतात. पाठीचा व पुठ्ठ्याचा भाग घट्ट आणि एकसारख्या जाडीचा असतो, पोटाकडचा भाग सैल असून ताणला जातो, मानेवर वळ्या असतात. म्यान पाठीच्या भागातूनच कापावे. सुमारे तीन ते साडेतीन मिलिमीटर जाडी बहुधा पुरते. त्याहून पातळ चामडे लवकर ढिले पडते, जाड घेतले तर घडी नीट बसत नाही. महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून गोवंशातील बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी आहे. त्यामुळे कारागिरास म्हशीच्या चामड्याकडे अधिक वळावे लागते. त्याचे तंतू भरड असतात, म्हणून कडा अधिक काळजीने घासाव्या लागतात.

मोजमाप, रापी आणि आरी

म्यान प्रत्येक शस्त्रासाठी वेगळे करावे लागते. रिव्हॉल्व्हरला मध्यभागी गोल फुगवटा असतो, पिस्तूल चपटे व चौकोनी असते. एकाचे म्यान दुसऱ्यास चालत नाही. म्हणून प्रथम शस्त्राच्या मापाचा लाकडी किंवा प्लॅस्टिकचा फर्मा हवा. हा मुद्दा केवळ सोयीचा नाही. परवान्याशिवाय अग्निशस्त्र ताब्यात ठेवणे हा शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये गुन्हा आहे, आणि ‘मापासाठी ठेवले होते’ हे उत्तर कारागिरास महाग पडू शकते. चोपड्याच्या उत्तर सीमेलगत मध्य प्रदेशातील उमर्टी परिसरातून बेकायदा गावठी पिस्तुले येत असल्याची प्रकरणे पोलिसांनी वारंवार उघडकीस आणली आहेत. अशा भागात काम करणाऱ्याने खरे शस्त्र दुकानात ठेवून घेऊच नये. फर्म्यावर काम केले म्हणजे कायद्याची अडचण येत नाही आणि भरलेले शस्त्र चुकून हाती येण्याचा धोकाही उरत नाही.

फर्मा पुठ्ठ्यावर ठेवून बाह्यरेषा काढतात. शस्त्राची निम्मी जाडी, चामड्याची जाडी आणि शिवणीची जागा एवढी सूट रेषेबाहेर सोडावी लागते. नवशिक्या कारागिराचे पहिले म्यान हमखास तंग होते, ते ही सूट कमी धरल्यामुळे. आकृती चामड्यावर उतरवून रापीने कापतात. रापी हे चर्मकाराचे पहिले हत्यार. रुंद व धारदार पात्याच्या या एका हत्याराने चामडे कापणे, कड तासून पातळ करणे व कोपरे गोल करणे ही तिन्ही कामे होतात. परदेशी कारागिराच्या मेजावर कड कोरण्याची, खोबण पाडण्याची व तासण्याची निरनिराळी साधने दिसतात. आपल्याकडील कसबी हात त्यांतील निम्म्यांचे काम रापीवर भागवितो. खोबण पाडण्याचे साधन मात्र घेणे इष्ट, कारण शिवणीची रेघ अर्धा मिलिमीटर खोल गेली की दोरा खोबणीत बसतो आणि घासून तुटत नाही. टाक्यांचे अंतर दातेरी चाकीने आखून घेतात. इंचाला सहा ते आठ टाके पुरतात. टाके फार जवळ घेतले तर चामडे तिकिटाच्या कागदासारखे भोकांच्या रेषेवर फाटते.

भोके आरीने पाडावयाची. आरीचे टोक गोल नसून चपटे, शंकरपाळ्यासारखे असावे. गोल भोक उघडे राहते, चपटे भोक दोऱ्याभोवती मिटते. शिवण यंत्रावर न घालता हाताने घालण्यामागे सबळ कारण आहे. यंत्राच्या शिवणीत वरचा व खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकलेले असतात आणि एक तुटला की शिवण सुटत जाते. हाताच्या शिवणीत एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवून दोन्ही बाजूंनी प्रत्येक भोकातून पार काढतात. एखादा टाका तुटला तरी शेजारचे टाके धरून राहतात. मधमाशीच्या मेणातून ओढलेला दोरा भोकात घट्ट बसतो व पाण्यास दाद देत नाही. दोन थरांमध्ये चामड्याची एक अरुंद पट्टी घालून तिच्यासह शिवण घातल्यास शस्त्राची कड थेट टाक्यांवर घासत नाही. कमरपट्ट्यात ओवावयाचा फासा मात्र म्यान मिटण्यापूर्वीच पाठीमागे शिवून घ्यावा. मागाहून तेथे हात पोहोचत नाही.

शिवण झाल्यावर म्यान कोमट पाण्यात भिजवून त्यात फर्मा घालतात आणि गुळगुळीत शिंगाने किंवा लाकडाने दाबून चामड्यावर शस्त्राचा आकार उमटवितात. हे काम घाईचे नाही. सुकविणेही सावलीतच व्हावे. खानदेशातील वैशाखाच्या उन्हात ओले म्यान ठेवले तर ते तासाभरात आखडते व तडकते. पूर्ण सुकल्यावर रंग, त्यावर हलका तेलाचा हात आणि कडांना मेण लावून घासणे एवढेच उरते. तेल अधिक झाले तर चामडे पुन्हा मऊ पडते व केलेली मेहनत वाया जाते.

सुरक्षितता कोठे असते

म्यानाची परीक्षा त्याच्या झळाळीवर करू नये. पहिली गोष्ट, घोड्याचा, म्हणजे बोटाने ओढावयाच्या खटक्याचा, संपूर्ण भाग चामड्याने झाकलेला असला पाहिजे. तो उघडा राहिला तर झाडाची फांदी, वाहनाचे दार किंवा स्वतःचेच बोट अडकून बार उडू शकतो. सातपुड्याच्या जंगलात रात्री गस्त घालणाऱ्या पोलिसाच्या बाबतीत हा धोका काल्पनिक नाही. दुसरी गोष्ट, तोंडाची कड ताठ हवी. शस्त्र काढल्यावर तोंड मिटले तर ते परत घालताना चामड्याची घडी आत जाते व तीच खटक्यास दाबू शकते. वापरून ढिले पडलेले म्यान त्यामुळेच दुरुस्तीपेक्षा बदलणे बरे. तिसरी, वरची झडप किंवा बटणाची पट्टी. फर्मा घातलेले म्यान उलटे धरून जोराने हलविले असता तो जागेवरून सरकता कामा नये, पण अंगठ्याच्या एका झटक्यात बटण उघडले पाहिजे.

चामड्याच्या मर्यादाही आहेत. पावसाळ्यात त्यास बुरशी येते, घाम व दमट हवा ते शोषून घेते. शस्त्र दीर्घकाळ म्यानातच ठेवल्यास पोलादाला गंज चढतो आणि पितळी काडतुसांवर हिरवा कळंक येतो. शस्त्र व म्यान वेगवेगळे ठेवणे हा साधा नियम शस्त्रागारात पाळला जातो, परवानाधारक नागरिकांच्या घरी तो बहुधा पाळला जात नाही. नायलॉन व कठीण प्लॅस्टिकची म्याने अलीकडे प्रचारात आली आहेत. पाण्यात ती सरस ठरतात, हे मान्य केले पाहिजे. पण ती मोडली की टाकावी लागतात. चामड्याचा तुटलेला टाका गावात पुन्हा घालता येतो.

काम कसे मिळेल

एकट्या चर्मकाराने पोलीस दलाच्या पुरवठ्याची निविदा भरावी, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. तेथे ठरलेला नमुना, एकसारखा माल व मुदत लागते आणि त्यासाठी काही कारागिरांनी गट करणे भाग आहे. आरंभ दुरुस्तीपासून करता येईल. पट्टे, म्याने, चाबकाच्या मुठी, बैलांचे साज, कॅमेऱ्याच्या व मोजणीच्या उपकरणांच्या पिशव्या यांतील शिवण एकच आहे. बँकेचे व खासगी संस्थांचे सशस्त्र सुरक्षारक्षक हे तालुक्याच्या गावातीलच गिऱ्हाईक होत.

राज्य शासनाने १ मे १९७४ रोजी स्थापन केलेले चर्मोद्योग महामंडळ, आजचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ, चर्मकार समाजासाठी कर्ज व प्रशिक्षणाचे काम करते. चेन्नई येथे १९४८ पासून केंद्रीय चर्म संशोधन संस्था आहे. ग्रामपंचायतीचा प्रत्यक्ष संबंध येतो तो १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत. तिच्या १८ व्यवसायांत चर्मकाम आहे. नोंद झालेल्या कारागिरास मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत प्रोत्साहन आणि पाच टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाख व दुसऱ्या टप्प्यात दोन लाख रुपयांपर्यंत कर्ज मिळण्याची तरतूद आहे. अर्जाची पहिली पडताळणी ग्रामीण भागात ग्रामपंचायत पातळीवर होते. जुन्या कारागिरांपैकी अनेकांनी रापी ठेवून शेतमजुरी धरली असल्यामुळे कोणाचा हात या कामात खरोखर बसलेला आहे, हे पडताळणी करणाऱ्यांना कागदावरून कळणार नाही. त्यासाठी अर्जदारास चामड्याचे दोन तुकडे, आरी व मेणाचा दोरा देऊन वीतभर शिवण घालावयास सांगावी आणि ती मागील बाजूने पाहावी. मागची बाजू पुढच्यासारखीच सरळ निघाली, तर म्यान शिकण्यास त्याला फार दिवस लागणार नाहीत.