विणीला कापडाची जोड

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहेत. हिवाळ्यात तेथे पहाटे चांगलीच थंडी पडते. अशा वेळी सुयांवर विणलेला स्वेटर उबदार वाटतो. कारण त्याच्या टाक्यांत हवा अडकून राहते. परंतु एक धागा तुटला, की शेजारचे टाकेही उसवू लागतात. मागावरच्या कापडात उभे-आडवे धागे एकमेकांना घट्ट धरून असतात. ते फारसे ताणत नाही व सहज उसवतही नाही. म्हणून स्वेटरच्या कोपरांवर कापडाचे ठिगळ व बटणपट्टीच्या आतून फीत लावावी. दोन्ही आधी धुऊन घ्यावीत, म्हणजे ती मागाहून आटत नाहीत. असा स्वेटर थोरल्याला आखूड झाला, तरी धाकट्याला ऊब देतो.